त्र्याण्णव अंश

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, तपासणीच्या चौथ्या दिवशी, सहा नंबरच्या टेबलावर तिने सतरावी उत्तरपत्रिका उघडली, दुसऱ्या प्रश्नाचं पाचवं उत्तर वाचलं आणि लाल पेन खाली ठेवलं. घडलं ते एवढंच. हॉलमध्ये चाळीस टेबलं होती, एकशेसाठ परीक्षक होते, आणि एकाने पेन खाली ठेवल्याने काही फरक पडायचं कारण नव्हतं. हॉल एका शाळेच्या व्यायामशाळेचा. फरशीवर खेळाच्या रेघा आखलेल्या, आणि त्यांतली एक पांढरी रेघ तिच्या टेबलाच्या बरोबर खालून गेलेली; तिचा डावा पाय मैदानात होता आणि उजवा बाहेर. प्रश्न होता एका गुणाचा: पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते? उत्तर होतं: ‘पुस्तकात १०० आहे. आमच्या गावात ९३.’ ‘आमच्या’ आणि ‘गावात’ यांच्यामध्ये एक शब्द होता, तो शाईने इतका जाड खोडलेला की कागद मागून फुगला होता. गावाचं नाव. परीक्षेत नाव, गाव, शाळा, काही म्हणजे काही लिहायचं नाही, ओळख पटली की गैरप्रकार. मुलीला, ती मुलगीच असावी असं अक्षरावरून उगाच वाटलं, ते लिहिल्यावर आठवलं असणार. मग घाबरून तिने पुन्हा पुन्हा गिरवलं असणार.

“काय गं, कोणी कविता लिहून ठेवलीय का?” शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला. शेजारीण तासाला पंधरा पत्रिका तपासायची म्हणून तिला सगळे मशीन म्हणत, आणि तिला ते आवडे.

“पाणी त्र्याण्णवला उकळलंय.”

“मग दे शून्य आणि चल पुढे. उकळू दे नाहीतर गोठू दे. जेवायच्या आत मला वीस हातावेगळ्या करायच्यात.”

पण तिने मागच्या सोळा पत्रिका पुन्हा काढल्या. त्यांत तिने स्वतःच्या हाताने त्याच जागी शून्य दिलेली होती, एकही न वाचता, कारण मंडळाच्या छापील नमुना उत्तरात १०० असा आकडा आणि पुढे ‘अन्य उत्तरास गुण नाहीत’ असा शेरा होता, आणि डोळा १०० शोधतो, सापडला नाही की हात शून्य काढतो. मध्ये डोकं लागत नाही. मग तिने उरलेल्या चौदाही उघडल्या. गठ्ठ्यात एकूण एकतीस. बावीस जणांनी ९३ लिहिलं होतं. सहा जणांनी साडेब्याण्णव. दोघांनी ९४, त्यातल्या एकाने कंसात, ‘आमच्या गटाचा तापमापक जुना आहे.’ आणि एकाने १००. तो बहुधा त्या दिवशी गैरहजर असावा. एकतीस पोरांत गुण मिळणारा तेवढाच.

त्या दिवशी, असं तिच्या मनात आलं आणि तो दिवस तिला दिसायला लागला. न पाहिलेली खोली, चार-पाच गट, स्टोव्ह, पाण्यात सोडलेली काचेची नळी, त्यावर वाकलेली तेरा-चौदा वर्षांची डोकी, आणि कोणीतरी, एक बाई किंवा एक सर, मागे हात बांधून गप्प उभे. सांगत नाहीत. नुसतं ‘वाचा’ म्हणतात. तिला आधी कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा, लख्ख. सव्वीस वर्षं ती आठवीला विज्ञान शिकवत होती. उकळण्याचा पाठ तिने सव्वीस वेळा शिकवला होता. चंचुपात्राचं चित्र ती डोळे मिटून फळ्यावर काढे, बुडबुडे सुद्धा, आणि त्या काढलेल्या बुडबुड्यांखेरीज तिच्या वर्गात कधी काही उकळलं नव्हतं. तापमापक शाळेत होते. कपाटात होते. कपाटाची किल्ली मुख्य लेखनिकाकडे आणि वस्तू फुटली तर खुलासा बाईंनी द्यायचा. पुस्तक राजधानीत लिहिलं जाई, एका छापखान्यात छापलं जाई, आणि देशभर एकाच आठवड्यात तेच पान उघडलं जाई. परीक्षा एकाच दिवशी, एकाच वेळी. सगळीकडे सारखं, म्हणजे कोणावर अन्याय नाही. हे ती पालकसभेत सांगायची. मनापासून सांगायची.

नियम मात्र तिला पाठ होता. एका गठ्ठ्यात पाच किंवा अधिक पत्रिकांत एकसारखं चुकीचं उत्तर आढळलं तर परीक्षकाने नमुना क्रमांक सात भरायचा. सामूहिक नक्कल. मग त्या गठ्ठ्याचा पूर्ण निकाल चौकशी होईपर्यंत राखून ठेवायचा. चौकशीला चार महिने लागत, कधी सहा. नववीचे प्रवेश निकालानंतर बाराव्या दिवशी बंद होत. हिशोब कोणालाही करता यावा असा होता: सात नंबरचा कागद म्हणजे एकतीस मुलांचं वर्ष गेलं. काहींचं वर्षच जातं, काहींची शाळाच सुटते, हे शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

नियामकांचं टेबल व्यासपीठावर होतं. हिरव्या पेनाने ते परीक्षकांनी तपासलेलं पुन्हा तपासत. निवृत्तीला चार महिने राहिलेले, सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने गठ्ठा समोर ठेवला आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाई, मला शिकवू नका. मी पदार्थविज्ञानाचा माणूस. उंचावर हवेचा दाब कमी, दाब कमी की पाणी लवकर उकळतं. त्र्याण्णव म्हणजे दोन हजार मीटरच्या आसपास. झालं?”

“मग गुण द्यायला हवेत.”

“गाव दोन हजार मीटरवर आहे हे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. गठ्ठ्यावर सांकेतांक आहे. तो उघडला की कळेल.”

“सांकेतांक उघडायचा नाही हाच तर सगळा खेळ आहे ना! आपल्याला पोर कुठलं ते कळू नये, म्हणून सगळ्यांना सारखं.” ते हसले. “तुम्ही न्याय मागताय आणि न्यायाचीच चिठ्ठी फाडा म्हणताय.”

“सर, वाचनं वेगवेगळी आहेत. नक्कल केली असती तर साडेब्याण्णव कुठून आलं असतं?”

“शंभर एकाचंच ना? मग बाकीच्यांची चूक एकसारखी. सात नंबर भरा. नक्कल म्हणजे तुम्ही काही फाशी देत नाही आहात. चौकशी होईल, खरं असेल ते बाहेर येईल.”

“वर्ष गेल्यावर.”

“ते आपल्या हातात आहे का?” असं म्हणून त्यांनी नमुना सातचा कोरा कागद तिच्याकडे सरकवला. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तेच तिला अवघड गेलं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हे म्हणजे भिंतीने तुमच्या प्रकृतीची चौकशी करावी तसं होतं.

नमुना सातचा कागद तिने याआधी एकदा भरला होता. सात वर्षं झाली. कागदाचा पिवळट रंग पाहिल्यावर आठवलं, एरवी आठवत नसे. शेवटचा दिवस होता, पावणेपाचची वेळ, पाच दहाची बस. गंज कशामुळे चढतो, असा प्रश्न होता. अकरा पत्रिकांत उत्तर होतं: खाऱ्या वाऱ्याने. नमुना उत्तर होतं हवा आणि ओलावा. अकरा वेळा खारा वारा, म्हणजे कोणीतरी पुरवलेलं, हे इतकं उघड वाटलं होतं की तिने सही करताना मशीनकडे बघून भुवया उडवल्या होत्या, बघ हं कशी पोरं असतात. बस मिळाली होती. खिडकीची जागा मिळाली होती. त्या अकरांचं पुढे काय झालं ते तिला कोणी कळवलं नाही, कळवायची पद्धतच नाही. आता व्यायामशाळेच्या पांढऱ्या रेघेवर उभी राहून, सात वर्षांनी, तिला समुद्र दिसला. समुद्राकाठचं कुठलं तरी गाव, दाराच्या बिजागऱ्या खाल्लेल्या, सायकली खाल्लेल्या, शाळेच्या खिडकीचे गज बोटाने पापुद्रा निघावा असे, आणि आई-बाप, आजी-आजोबा, दुकानदार, सगळे जन्मभर एकच सांगतात: खारा वारा, दुसरं काय. कोणी कोणाचं पाहून लिहिलं नव्हतं. अकरा पोरांनी आपापल्या घराकडे पाहून लिहिलं होतं. तिने नमुना सात घडी करून पर्समध्ये टाकला, हेही नियमाविरुद्ध होतं, आणि टेबलावर येऊन लाल पेन उचललं.

सोळा शून्यं खोडून तिने तिथे एक लिहिला. सतरावीला आणि उरलेल्या चौदांनाही एक दिला. प्रत्येक खोडाखोडीवर सही केली, कारण खोडाखोडीवर सही करायची असते. चार वाजता गठ्ठा आणि गुणतक्ता नियामकांकडे दिला.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. तो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तीस वर्षं पंपचालक होता, गेल्याच वर्षी सुटला. तिने चप्पल काढता काढता सांगायला सुरुवात केली आणि संपवलं तेव्हा भाजी निवडून झाली होती.

“जन्मभर मी पाणी वर चढवलं,” तो म्हणाला, “ते वर गेल्यावर कितीला उकळतं, कोणी विचारलं नाही बघ मला.”

“थट्टा नको.”

“थट्टा कुठे? बरं, मुद्द्याचं सांग. तू गप्प बसून शून्य दिलं असतंस आणि कोणाला काही बोलली नसतीस, तर?”

तिने हाच प्रश्न बसमध्ये स्वतःला विचारला होता. शून्य देऊन, गठ्ठा बांधून, गप्प. एक गुण गेला असता, वर्ष वाचलं असतं. पण गठ्ठा नियामकांकडे गेला असता, त्यांच्या डोळ्यानेही १०० शोधलं असतं आणि तीस शून्यं एका ओळीत पाहून नमुना सात त्यांनीच पाठवला असता. हे खरं होतं. तरी ते पूर्ण खरं नव्हतं. “शून्य काढताना,” ती म्हणाली, “आपण लिहितो की तिथे पाणी शंभरला उकळतं. माझ्या सहीने. तिथे नाही उकळत.”

“आणि परीक्षकांच्या पॅनेलवरून नाव काढलं तर?”

“काढू देत.”

“आणि मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तुझं नाव गेलंय, त्याचं?”

तिने चप्पल कोपऱ्यात सरकवली. तो उठला, निवडलेली भाजी धुवायला घेतली, नळ सोडला. “एकदा ठरवलंस ना, मग त्या कपाटातल्या नळ्या तरी बाहेर काढ,” तो पाठमोराच म्हणाला. “लोकांच्या पोरांवरून किती दिवस भांडणार? आपलं पाणी कितीला उकळतं ते माहितीय का तुला?”

माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती स्वतःच्या शाळेत गेली. सुट्टी होती, बाकं एकावर एक चढवून ठेवलेली, व्हरांड्यात रंगाचे डबे. मुख्य लेखनिक एकटेच नोंदवही घेऊन बसले होते. त्यांनी किल्ली लगेच दिली नाही. “फुटला तर?” त्यांनी विचारलं. “खुलासा मी देईन.” “कशासाठी काढला म्हणून लिहू?” “वापरण्यासाठी,” ती म्हणाली, आणि लेखनिकांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने तिजोरीतले दागिने घालून बाजारात जायचं म्हटलं. सहा तापमापक होते. खोके न उघडलेले. वरची कागदी पट्टी तिने नखाने फाडली, त्या पट्टीवरचं साल ती शाळेत लागली त्याच्या पुढच्या वर्षाचं होतं. शिक्षकखोलीच्या शेगडीवर पातेलं ठेवलं. लेखनिक दारात येऊन उभे राहिले, मग आत आले, मग चष्मा कपाळावर चढवून पातेल्यावर वाकले. पाणी आधी कडेने कुजबुजायला लागलं, मग तळातून एकेक मणी सुटू लागला, मग सगळंच उसळलं. पारा चढत गेला आणि थांबला. तिने वाट पाहिली. तो हलला नाही. तिने दुसरा तापमापक लावला, मग तिसरा. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णवच्या किंचित खाली.

“बिघडलेत की काय?” लेखनिक म्हणाले.

“तिन्ही?”

“एवढी वर्षं पडून...”

“नाही,” ती म्हणाली. “आपणच पडून होतो.” शहर पठारावर होतं, हे तिला माहीत होतं, भूगोलाच्या पुस्तकात उंची दिलेली होती. ती विज्ञान शिकवत होती म्हणून ती उंची तिची नव्हती. सव्वीस वर्षांतल्या मुलांनी, अंदाजे अडीच हजार मुलांनी, तिच्या सांगण्यावरून लिहिलं होतं शंभर, आणि सगळ्यांना गुण मिळाले होते. वाफ तिच्या चष्म्यावर धरली. तिने तो पुसला नाही. रडू आलं असं नाही. राग आला, आणि त्या रागात एक हलकेपणा होता, घट्ट बूट काढल्यावर पाय पसरतात तसा.

हॉलमध्ये पोचली तेव्हा गठ्ठा तिच्या टेबलावर परत आलेला होता. तीस लाल एकांवर तीस हिरव्या रेघा, बाजूला तीस हिरवी शून्यं. वर पिवळा कागद, नवा, टाचणी लावलेला. तिने बसून, कोणाकडे न पाहता, प्रत्येक हिरव्या शून्याशेजारी पुन्हा लाल एक लिहिला आणि सही केली. मशीनचा हात थांबला होता. पाच दिवसांत पहिल्यांदा.

“अगं, वेड लागलंय का? नियामकांच्या वर लाल चालत नाही.”

“बघू या चालतं का.”

“एका गुणासाठी?”

“तुझ्या या गठ्ठ्यात किती जणांनी शंभर लिहिलंय?”

“सगळ्यांनी. का?”

“कोणी मोजलं असेल?”

मशीनने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नसेल.”

“मग त्यांनी कुठून लिहिलं? एकाच पुस्तकातून. एकसारखं. ती नक्कल नाही?” तिचा आवाज चढला होता, आसपासची तीन-चार टेबलं वळून बघत होती. “या अख्ख्या हॉलमध्ये पाणी मोजून लिहिणारी तीस पोरं आहेत आणि नक्कल केली म्हणून आपण त्यांनाच धरतोय.”

दोन वाजता मंडळाचे सचिव आले. उंच, मऊ बोलणारे, हातात पाण्याची बाटली. त्यांनी तिला व्यासपीठामागच्या खोलीत बोलावलं, तिथे जिम्नॅस्टिकच्या गाद्या रचलेल्या होत्या आणि बसायला एकच खुर्ची होती, ती त्यांनी तिला दिली. “बाई, तुमचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणतच नाही,” ते उभ्यानेच म्हणाले. “पण नऊ लाख पत्रिका आहेत. प्रत्येक गावाचं पाणी वेगळं धरायचं म्हटलं तर परीक्षा कशाची घ्यायची?”

“पाण्याची.”

त्यांनी बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. “सही करा. चौकशीत मी स्वतः लक्ष घालतो.”

“चौकशी म्हणजे काय करणार तुम्ही? सांकेतांक उघडून गावाची उंची बघणार. पाच मिनिटांचं काम. आत्ता करा.”

“आत्ता उघडता येत नाही. निकालाआधी गोपनीय.”

“आणि निकाल राखून ठेवलेला, म्हणजे लागलेलाच नाही. म्हणजे तुमचं ‘निकालानंतर’ कधी येणारच नाही.”

“तुम्ही फार शब्दांत पकडता.”

“सर, मी नमुना सातवर सही करणार नाही,” ती म्हणाली. “एकदा केली होती. ती परत घेता येत नाही, नाहीतर आज तीही घेतली असती.” सचिवांना हे कळलं नाही आणि तिने समजावलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी तिला कामातून मोकळं केल्याचं पत्र मिळालं, खुलासा अठ्ठेचाळीस तासांत. तिने तिथेच, गादीवर कागद ठेवून, खुलासा लिहिला. तो तीन ओळींचा होता. उत्तरं मोजून लिहिलेली आहेत. मोजलेलं उत्तर चूक नसतं. माझ्या शाळेत पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं, मी आज मोजलं, हवं तर मलाही शून्य द्या. बाहेर पडताना मशीन तिच्यामागे दारापर्यंत आली, तिची पिशवी धरून उभी राहिली आणि रिक्षा आल्यावर पिशवी आत ठेवली. मग म्हणाली, “आमच्याकडे कितीला उकळत असेल गं?”

तपासणी आटोपल्यावर निकाल एका गुरुवारी एक वाजता लागला. उत्तीर्ण किती, मुली किती, गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वर, हे सगळं दीड वाजेपर्यंत सगळ्यांना पाठ झालं. तळाशी बारीक अक्षरात राखून ठेवलेल्या गठ्ठ्यांचे सांकेतांक होते, एकूण चौदा. नववा तिचा. नमुना सातवर परीक्षकाची सही नसल्याने चौकशी सुरू करता येत नाही, आणि चौकशी सुरू नसल्याने निकाल देता येत नाही, असं तिला दूरध्वनीवर सांगण्यात आलं. सांगणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही. म्हणजे तिने सही केली असती तरी वर्ष जात होतं आणि न केल्याने जातंय. रात्रभर हे तिच्या छातीवर बसून होतं. कुठल्या तरी डोंगरावर, नाव खोडलेल्या गावात, एकतीस घरांत आज कोणी कोणाला काय सांगत असेल? आणि ते सर किंवा बाई, त्यांनी पोरांसमोर कोणतं तोंड घेऊन जायचं? मोजायला लावलं म्हणून पालक त्यांना धारेवर धरत असतील. नवरा सकाळी म्हणाला, “आता काय?” ती म्हणाली, “आता बारा दिवस आहेत. अकरा.”

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ती मंडळाच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीसमोर रांगेत उभी होती. हातात अर्ज: गठ्ठ्याचा सांकेतांक उघडावा, शाळेची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहावी, अकरा दिवसांत निकाल द्यावा. खाली तिची सही, आणि त्याखाली, आज सकाळी घरी येऊन केलेल्या, आणखी तिघांच्या सह्या. पहिली मशीनची होती, ठसठशीत, तीस टेबलांवरून वाचता यावी अशी. नंबर आला तेव्हा साडेतीन झाले होते. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला, मग संगणकाकडे वळला.

“विषय काय टाकू? यात चारच आहेत. गुणपडताळणी, नावदुरुस्ती, गैरप्रकार, इतर.”

“गुणपडताळणी.”

“ती विद्यार्थ्यानेच करायची. तुम्ही कोण?”

“परीक्षक.”

“मग गैरप्रकार टाकतो.”

“गैरप्रकार झालेला नाही.”

“बरं, इतर.”

“इतरचे अर्ज कुठे जातात?”

कारकून तरुण नव्हता. त्याने खोटं बोलायचा कंटाळा केला. “तिकडे,” तो म्हणाला आणि मानेने भिंतीकडच्या रॅककडे खूण केली. तिथे दोऱ्याने बांधलेले गठ्ठे छतापर्यंत गेले होते.

“इतर नको,” ती म्हणाली.

“विषय टाकल्याशिवाय आवक क्रमांक पडत नाही, बाई. क्रमांक नाही तर अर्ज दिला असं होत नाही.”

“मग पाचवा विषय तयार करा.”

“तो मी नाही करू शकत. वरून व्हावा लागतो.”

“मग वर विचारा. मी थांबते.”

मागून कोणीतरी पुटपुटलं, लवकर आटपा म्हणून. तिच्याच मागे उभ्या असलेल्या माणसाने वळून, “थांबा हो, ऐकू द्या काय ते,” असं म्हटलं. कारकुनाने फोन उचलला, आतला नंबर फिरवला, थोडा वेळ ऐकलं, फोनवर हात ठेवून तिला म्हणाला, “विचारताहेत, नेमकं प्रकरण काय?” तिने सांगितलं. त्याने ते फोनमध्ये जसंच्या तसं सांगितलं, मग पुन्हा वाट पाहायला लागला.

सव्वाचार वाजता फोन अजून त्याच्या कानाला होता. अर्ज खिडकीच्या फळीवर होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. कारकुनाने तो आत ओढला नव्हता आणि तिने परत घेतला नव्हता. खिडकी पाच वाजता बंद होते.